पहिले वाक्य तिच्या कामाचे

गेली काही वर्षे मी पदव्युत्तर मराठीच्या विद्यार्थ्यांकडून मराठी विकिपीडियावर लेख लिहून घेण्याचे काम करते आहे. विषयाची चौकट आम्ही ठरवून घेतली आहे. ज्यांचे काम मोठे आहे, पण ज्यांची नोंद कुठेतरी दोन ओळींत आटोपली आहे किंवा दुसऱ्याच कुणाच्या चरित्रात अडकून पडली आहे, अशा गोमंतकीय स्त्रियांविषयी लिहायचे. हे लेखन गुण देणाऱ्या शिक्षिकेसाठी नसते. ते कोणत्याही अनोळखी वाचकासाठी असते आणि त्यातील प्रत्येक विधानाला आधार मागण्याचा हक्क त्या वाचकाला असतो. यातून विद्यार्थी नेमके काय शिकतात, असे मला अनेकदा विचारले जाते. तांत्रिक गोष्टी ते चटकन आत्मसात करतात. वेळ लागतो तो छापील मजकुरात स्त्री कुठे उभी केली आहे हे ओळखायला आणि आपल्या लेखात तिला तिच्या जागी आणायला.

पहिल्या तासाला मी महादेवशास्त्री जोशी यांचे नाव फळ्यावर लिहिते. मराठीच्या विद्यार्थ्याला ते ठाऊक असतेच. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील आंबेडे गावात जन्मलेले कथाकार, 'भारतीय संस्कृतिकोशा'चे संपादक. त्या कोशाचे दहा खंड आमच्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी चाळलेले आहेत. मग त्या नावाखाली मी सुधाताई जोशी असे लिहिते. वर्गातून बहुतेक वेळा एकच उत्तर येते, 'महादेवशास्त्रींच्या पत्नी'. ६ एप्रिल १९५५ रोजी म्हापशात पोर्तुगीज सत्तेला न जुमानता नॅशनल काँग्रेस गोवाचे अधिवेशन भरवण्यात आले, त्याच्या अध्यक्ष सुधाताई होत्या, त्यांना अटक झाली आणि त्यानंतर त्यांनी तुरुंगवास भोगला, हे एखाद्दुसऱ्यालाच माहीत असते. कोशकाराच्या घरातील स्त्रीचीच ही अवस्था असेल, तर खेड्यातील एखाद्या सत्याग्रही स्त्रीची काय असेल, याची कल्पना मुलांना तिथल्या तिथे येते.

त्यानंतरचा स्वाध्याय एका वाक्याचा असतो. सुधाताईंवर लेख लिहायचा झाल्यास त्याचे पहिले वाक्य काय असेल? मुलांनी लिहिलेली वाक्ये साधारण या वळणाची असतात: 'सुधाताई जोशी या थोर साहित्यिक व कोशकार महादेवशास्त्री जोशी यांच्या सुविद्य पत्नी असून गोवा मुक्तिलढ्यात त्यांनी मोलाचे योगदान दिले.' या वाक्यात खोटे काही नाही. पण विश्वकोशाचे पहिले वाक्य ती व्यक्ती त्या कोशात कशासाठी आहे हे सांगण्यासाठी असते, आणि सुधाताई तिथे कुणाशी विवाह केला म्हणून नाहीत. वर्गातल्या सगळ्यांनी मिळून ते वाक्य पुन्हा लिहिले की ते असे होते: 'सुधाताई जोशी या गोवा मुक्तिलढ्यातील सत्याग्रही होत्या. १९५५ साली म्हापसा येथे भरलेल्या नॅशनल काँग्रेस गोवाच्या अधिवेशनाच्या त्या अध्यक्ष होत्या.' 'थोर' गेले, 'सुविद्य' गेले, 'मोलाचे योगदान' गेले; त्या जागी साल, गाव आणि पद आले. महादेवशास्त्री लेखात राहतात, कारण ते तिच्या आयुष्यातील महत्त्वाचे माणूस आहेत, पण ते वैयक्तिक जीवनाच्या परिच्छेदात येतात. विशेषणे काढून टाकल्यावर लेखातील स्त्री लहान होईल, अशी भीती विद्यार्थ्यांना वाटत असते. प्रत्यक्षात उलटे घडते. 'मोलाचे योगदान' कुणालाही लावता येते. म्हापशाच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद एकीचेच आहे.

हा क्रम एकदा डोळ्यांत बसला की मुले जुन्या मजकुरात तो स्वतःच हेरू लागतात. लिबिया लोबो सरदेसाई यांचे नाव पती वामन सरदेसाई यांच्या नावाला जोडूनच येते. दोघांनी मिळून नोव्हेंबर १९५५ पासून डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत भूमिगत नभोवाणी केंद्र चालवले. सुरुवातीला ते आंबोलीच्या जंगलातून चालत असे. मुक्तीच्या दिवशी विमानातून ध्वनिक्षेपकाद्वारे गोमंतकीयांना ती बातमी देण्यात आली, त्या विमानातही त्या होत्या. मित्रा बीर यांच्या बाबतीतही तेच. माहेरच्या त्या काकोडकर. पोर्तुगीज तुरुंगवास भोगून आलेल्या या स्त्रीने मडगाव, वेरे आणि काकोडा येथे मुलींसाठी शाळा सुरू केल्या. मुलींना शिक्षण मिळणेच अवघड असलेल्या काळातील हे काम स्वतंत्र लेखाला पुरेसे आहे, तरी 'माधव बीर यांच्या पत्नी' ही ओळख आधी येते. कोंकणी तियात्राच्या रंगभूमीवर आलेली पहिली स्त्री म्हणून रेजिना फर्नांडिस यांचे नाव घेतात. त्यांची ओळखही जुआंव आगुस्तीन फर्नांडिस यांच्या पत्नी म्हणूनच सुरू होते. इथे मी विद्यार्थ्यांना एक पथ्य पाळायला सांगते. पतीचे नाव पुसून टाकणे हा यावरचा उपाय नाही. लिबियाताईंचे केंद्र दोघांचे होते आणि ते दोघांचे आहे असेच लिहिले पाहिजे. एकीची बाजू भरून काढण्यासाठी दुसऱ्याची कमी केली, तर तो लेख विश्वकोशाचा राहत नाही.

गायिकांवरील लेखांत हीच अडचण निराळ्या रूपाने समोर येते. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यावर मराठी विकिपीडियावर पूर्वीपासून लेख आहेत. केरीच्या केसरबाईंचे 'जात कहां हो' हे गायन १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पाठवलेल्या सोनेरी ध्वनिमुद्रिकेत आहे, हे वर्गातील बहुतेकांनी ऐकलेले असते. पण अंजनीबाई मालपेकर यांचे नाव घेतले की शांतता पसरते. १९५८ साली संगीत नाटक अकादमीची अधिछात्रवृत्ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. भेंडीबाजार घराण्याच्या नझीर खाँ यांच्याकडे त्या शिकल्या आणि पुढे कुमार गंधर्व व किशोरी आमोणकर यांना त्यांच्याकडून तालीम मिळाली. असे असताना त्यांच्याविषयी लिहिणारे, त्यांच्यावरून रंगवली असे सांगितल्या जाणाऱ्या राजा रविवर्म्याच्या चित्रांकडे आणि त्यांच्या रूपाकडे आधी वळतात. आमच्या एका विद्यार्थिनीने आपल्या आराखड्यात रूपाचे वर्णन तिसऱ्या ओळीत आणि तालमीचे शेवटच्या परिच्छेदात ठेवले होते. तिला मी काही सुचवले नाही. कुमार गंधर्वांवरील लेख उघडून त्यात त्यांच्या दिसण्याविषयी कितव्या ओळीत लिहिले आहे, तेवढे पाहायला सांगितले. दुसऱ्या दिवशी तिचा आराखडा बदललेला होता.

कलावंत समाजातून आलेल्या या स्त्रियांविषयी लिहिताना विद्यार्थ्यांची आणखी एक कसोटी लागते. काही जण त्यांच्या जन्माचा उल्लेखच टाळतात, कारण त्यांना तो अपमान वाटतो. काही जण तेवढ्याच एका गोष्टीने लेख सुरू करतात. माझे मत असे आहे की दोन्ही प्रकारांत त्या स्त्रीवर अन्याय होतो. देवळाशी बांधलेली सेवा, त्या व्यवस्थेत मिळालेले संगीत आणि त्या व्यवस्थेने केलेली कोंडी या गोष्टी विश्वसनीय साधनांत ज्या शब्दांत आल्या असतील, त्या शब्दांत आणि योग्य ठिकाणी लिहायच्या, त्यापेक्षा अधिकही नाही आणि उणेही नाही. हे सांगायला सोपे आहे. लिहिताना मात्र एकेका वाक्यावर अर्धा तास चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी.

शीर्षक काय द्यावे, हाही प्रश्न पुरुषांच्या लेखांना फारसा पडत नाही. स्त्रीचे माहेरचे नाव, सासरचे नाव, रंगमंचावरचे नाव, गावावरून पडलेले नाव आणि टोपणनाव अशी चार-पाच नावे वेगवेगळ्या कागदांवर असू शकतात. 'सूरिया' हा कवितासंग्रह आणि 'मोन्सांव' हा कथासंग्रह लिहिणाऱ्या विमला देवी यांचे मूळ नाव तेरेझा दा पिएदादे बाप्तिस्ता आल्मेदा. जन्म १९३२, ब्रिटोना. पती मानुएल दे सेआब्रा यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेला पोर्तुगीज भाषेतील गोमंतकीय साहित्याचा इतिहास १९७१ साली प्रसिद्ध झाला. अशा वेळी सर्वाधिक परिचित नावाने लेख करून उरलेल्या नावांवरून पुनर्निर्देशन करावे लागते, म्हणजे ती नावे शोधणारा वाचक त्याच लेखावर पोहोचेल अशी सोय करावी लागते. मोगूबाईंच्या लेखात कुर्डी गावाचा दुवा दिला की ते गाव आज साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे हेही वाचकाला कळते.

आता आधारांविषयी, कारण खरा पेच तिथे आहे. विकिपीडियाचे तीन नियम विद्यार्थ्यांना पाठच असतात. लेखन तटस्थ असावे, प्रत्येक विधान पडताळता यावे आणि लेखकाने स्वतःचे नवे संशोधन तिथे मांडू नये. त्यांच्या जोडीला उल्लेखनीयतेची अट येते: ज्या व्यक्तीविषयी लिहायचे, तिच्याविषयी तिच्याशी संबंध नसलेल्या विश्वसनीय साधनांनी पुरेसे लिहिलेले असले पाहिजे. अट सर्वांना सारखीच आहे, पण ज्यांच्याविषयी मुळात कमी छापले गेले त्यांच्यावर ती जड पडते. २०१८ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरील लेखाचा मसुदा त्याच वर्षी मे महिन्यात इंग्रजी विकिपीडियावर पुरेसे स्वतंत्र संदर्भ नसल्याच्या कारणाने नाकारला गेला होता. इंग्रजी विकिपीडियावरील चरित्रलेखांत स्त्रियांचे प्रमाण २०१४ च्या सुमारास १५ टक्क्यांच्या आसपास होते. २०१५ मध्ये केवळ स्त्रियांच्या लेखांसाठी एक प्रकल्प सुरू झाला आणि अनेकांच्या चिकाटीने ते आता २० टक्क्यांच्या घरात पोहोचले आहे. इतकी वर्षे काम करूनही फरक एवढाच का, याचे उत्तर बऱ्याच अंशी ग्रंथालयांच्या कपाटांत आहे. कोशात स्त्री दिसत नाही याचे कारण कोशाच्या आधी जे छापले गेले त्यात ती नव्हती, किंवा होती ती नावाशिवाय होती. लिबियाताईंना २०२५ साली, वयाच्या शंभरीत पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा देशभरच्या वृत्तपत्रांनी त्यांच्यावर लिहिले. एका दिवसात संदर्भांचा ढीग झाला. ज्यांना शंभर वर्षांचे आयुष्य आणि पद्मश्री लाभली नाही, त्यांच्यासाठी हा ढीग कोण करणार?

छापील आधाराचा हा नियम शिथिल करावा, असे विद्यार्थी तळमळीने मांडतात, आणि त्यात तथ्य आहे. एका विद्यार्थिनीला केपे तालुक्यातील आपल्या गावच्या वैजिणीविषयी लिहायचे होते. त्या बाईने दोन पिढ्यांची बाळंतपणे केली होती. गावात विचाराल त्या घरात तिच्याविषयी सांगणारे माणूस होते. कागदावर मात्र तिच्याविषयी एक ओळही नव्हती. तोंडी माहिती संदर्भ म्हणून वापरता यावी, असा प्रयोग २०११ साली भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत झाला होता. मल्याळम, हिंदी आणि सेपेडी या भाषांत लोकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्या लेखांना जोडल्या गेल्या. तो प्रयोग मोलाचा होता, पण तशी वहिवाट पडली नाही. मला स्वतःला नियम कायम ठेवावा असे वाटते. आज वैजिणीसाठी दार उघडले, तर उद्या त्याच दारातून प्रत्येक पुढाऱ्याचा पुतण्या आपल्या काकांचे गुणगान घेऊन येईल, आणि त्या गर्दीत वैजीण पुन्हा मागेच राहील. म्हणून आम्ही त्या विद्यार्थिनीला दोन कामे दिली. वैजिणीच्या सुनेची आणि शेजारणींची मुलाखत घेऊन ती रीतसर लिहायची आणि प्रसिद्ध करायची. आणि विकिपीडियावर, ज्याला छापील आधार आहे अशा जवळच्या विषयावर लिहायचे. तिने धालो निवडले. पौषातील चांदण्या रात्री गावच्या मांडावर, म्हणजे एकत्र जमायच्या ठरलेल्या जागी, बायका जे खेळ आणि गाणी करतात त्यांच्याविषयी लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी लिहिलेले आहे, त्यात जयंती नायक यांच्यासारख्या कोंकणी लेखिकेचे संकलन आहे. वैजिणीला आज लेख मिळाला नाही, पण तिच्याविषयीचा पहिला छापील मजकूर मात्र झाला.

गोव्यात संदर्भ शोधणे म्हणजे चार भाषांतून फिरणे. मराठी आणि कोंकणी वर्तमानपत्रे, रोमी लिपीतील कोंकणी नियतकालिके, १९६१ पर्यंतची पोर्तुगीज वृत्तपत्रे आणि सरकारी कागद, आणि इंग्रजीतील अलीकडचे लेखन. घरी कोंकणी बोलणाऱ्या आणि मराठीत पदवी घेणाऱ्या मुलांना देवनागरीतील साधने जवळची वाटतात, पण पोर्तुगीज आले की हात थांबतो. प्रोपेर्सिया कोर्रेया आफोन्सो दे फिगेरेदो या शिक्षिकेने १९३३ साली पोर्तुगीज अमलाखालील भारतातील स्त्रियांवर पुस्तक लिहिले. आमच्या विषयाचा आधारच एका विस्मृतीत गेलेल्या स्त्रीने लिहून ठेवला आहे आणि आमच्या मुलांना तो वाचता येत नाही. यावर आम्ही पोर्तुगीज शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची मदत घेतो. मराठीचा एक आणि पोर्तुगीजचा एक असे शेजारी बसतात. एक वाचून अर्थ सांगतो, दुसरा टिपून घेतो, पृष्ठक्रमांक दोघे तपासतात. कोंकणीच्या बाबतीत एक मोठी सोय आहे. गोवा विद्यापीठाने चार खंडांत काढलेला कोंकणी विश्वकोश २०१३ साली मुक्त परवान्याखाली खुला केला, त्यामुळे त्यातील मजकूर योग्य श्रेय देऊन वापरता येतो.

पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात माझ्या विद्यार्थ्यांचे बरेच शनिवार जातात. १८३२ साली स्थापन झालेल्या या ग्रंथालयातील जुन्या वृत्तपत्रांच्या संग्रहाचा त्यांना मोठा आधार आहे. तिथे घडलेली एक गोष्ट सविस्तर सांगण्याजोगी आहे. आमची एक विद्यार्थिनी फोंडा तालुक्यातील एका दिवंगत संगीतशिक्षिकेवर लिहीत होती. त्यांच्या घरच्यांनी एक फाइल तिच्या हाती दिली. आत पिवळी पडलेली पंधरा-वीस कात्रणे, प्रेमाने कापून कोऱ्या कागदांवर चिकटवलेली. कापताना बातमीच्या कडेचे सगळे काही गेले होते: वर्तमानपत्राचे नाव, तारीख, पान. 'मॅडम, हाचेर तारीखच ना,' असे म्हणत ती जवळजवळ रडकुंडीला आली होती. तारखेशिवाय कात्रण म्हणजे आमच्या दृष्टीने ऐकीव गोष्ट. त्यातील एक कात्रण एका बाजूने सुटलेले होते. तिने ते हलकेच उचलून मागची बाजू पाहिली. तिथे अर्धवट कापली गेलेली एक जाहिरात होती, कुठल्याशा नाट्यप्रयोगाची. वार आणि तारीख शाबूत होती, साल नव्हते. त्या तारखेला तो वार कोणत्या वर्षी येतो हे तिने काढले, शिक्षिकेच्या कामाच्या काळाशी ते जुळवले, तेव्हा दोनच वर्षे उरली. त्या दोन वर्षांतील त्या आठवड्याचे अंक तिने मागवले. दुसऱ्या वर्षाच्या अंकात ती जाहिरात होती आणि पान उलटल्यावर ती बातमीही होती. तिने आधी अंकाचे नाव, मग तारीख, मग पृष्ठ असे वहीत उतरवले आणि मगच आम्हाला फोन केला. लेखात या साऱ्या शोधाचे एक छोटेसे क्रमांकाचे चिन्ह झाले. वाचकाला त्यामागची खटपट दिसणार नाही, दिसण्याची गरजही नाही. पण त्या बातमीवर आता कुणालाही बोट ठेवता येईल.

मजकूर उचलण्याचा मोह हा दुसरा धोका, आणि त्याविषयी मी कठोर आहे. २०११ साली पुण्यातील काही महाविद्यालयांत इंग्रजी विकिपीडियासाठी असाच उपक्रम झाला होता. विद्यार्थ्यांनी पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून जसाच्या तसा मजकूर चिकटवल्यामुळे स्वामित्वहक्काचे उल्लंघन मोठ्या प्रमाणावर झाले आणि तो थांबवावा लागला. त्या मुलांना लबाड म्हणणे मला पटत नाही. आपल्याकडे शाळेपासून 'पुस्तकातल्या भाषेत' उत्तर लिहिणाऱ्याला अधिक गुण मिळतात. ती सवय एका सत्रात कशी सुटणार? आमच्या वर्गात म्हणून साधन वाचून बाजूला ठेवायचे, मुद्दे टिपायचे आणि मग धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरील सरावाच्या पानावर, स्वतःच्या वाक्यांत लिहायचे असा क्रम आहे. धूळपाटीवरचा मजकूर दुसऱ्या विद्यार्थ्याने मूळ साधनाशी ताडून पाहिल्याशिवाय तो मुख्य नामविश्वात, म्हणजे वाचकांसाठीच्या प्रत्यक्ष लेखांत, जात नाही. स्वतःच्या आजीवर, मावशीवर किंवा आपल्या शिक्षिकेवर लिहायचे नाही, हाही आमचा नियम आहे. तशी इच्छा असेल तर ते काम दुसऱ्या विद्यार्थ्याकडे द्यायचे आणि आपण घरातले कागद पुरवायचे.

लेख चढवल्यावर काम संपले असे मुलांना वाटते, आणि मग लेखाला जोडलेल्या चर्चापानावर पहिली सूचना येते. कधी उल्लेखनीयतेविषयी शंका, कधी संदर्भ अपुरे असल्याचा साचा (लेखावर लावली जाणारी ठरावीक सूचना), कधी पान वगळण्याचा प्रस्ताव. नव्या लेखकाला तो घाव वाटतो, विशेषतः इतक्या कष्टाने शोधलेल्या स्त्रीविषयी कुणी 'ही कोण?' असे विचारले की. अशा वेळी रागाने उत्तर न देता साधने पुढे ठेवायची, ही सवय मला सर्वांत मोलाची वाटते. एका विद्यार्थ्याच्या लेखावर असा प्रस्ताव आला, तेव्हा त्याने चर्चापानावर तीन संदर्भ मांडले, प्रत्येकात त्या स्त्रीविषयी किती मजकूर आहे ते लिहिले आणि प्रस्ताव मांडणाऱ्याचे आभारही मानले. पान राहिले. शिवाय तो सदस्य नंतर स्वतःच लेखात सुधारणा करू लागला. विकिपीडियाचा हा भाग मुलांना मनापासून आवडतो. आपण लिहिलेल्या लेखाची मालकी आपली नसते, आणि म्हणूनच आपण वर्ग सोडल्यावरही तो वाढत राहतो.

छायाचित्रांविषयी थोडक्यात सांगते. घरातील फोटो मोबाइलवर टिपून चढवता येत नाही, कारण हक्क बहुधा फोटो काढणाऱ्याचा असतो. भारतीय कायद्यानुसार २०१२ च्या दुरुस्तीपासून छायाचित्रावरील हक्क साधारणपणे ते काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो; निनावी छापलेल्या छायाचित्रावर तो प्रसिद्धीपासून ६० वर्षे असतो, म्हणून मुक्तिलढ्याच्या काळात छापून आलेले काही फोटो आता वापरता येऊ शकतात. त्यासाठी पुन्हा तारीख लागते, आणि आपण पुन्हा त्या कात्रणापाशी येतो.

येत्या सत्रात आम्ही मुक्तीनंतरच्या मराठी प्राथमिक शाळांतील शिक्षिकांच्या पहिल्या पिढीकडे वळणार आहोत. १९६१ नंतर खेडोपाडी शाळा निघाल्या. पावसाळ्यात होडीने नदी ओलांडून, कच्च्या वाटांनी चालत या बाया शिकवायला गेल्या. त्यांच्यापैकी बहुतेकींवर स्वतंत्र लेख होणार नाही, याची मला कल्पना आहे. पण त्यांच्या शाळांवर, त्यांच्या चळवळीवर आणि त्या शिक्षणप्रसारावर नावानिशी लिहिता येईल, जर छापील आधार मिळाला तर. तो आधार बहुधा एकाच ठिकाणी असतो आणि ते ठिकाण ग्रंथालयात नाही: शाळांच्या रौप्य आणि सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, संगीत संमेलनांच्या पुस्तिका, महिला मंडळांचे अहवाल, नाट्यमहोत्सवांची पत्रके. स्मरणिकेतील मजकूर तपासून घ्यावा लागतो, कारण ती संस्था स्वतःविषयी लिहीत असते, तरीही सुरुवातीच्या शिक्षिकांची पूर्ण नावे आणि रुजू झाल्याची साले अनेकदा फक्त तिथेच सापडतात.

वाचकांना माझी एक विनंती आहे. गोव्यात, सिंधुदुर्गात किंवा मुंबईत स्थायिक झालेल्या गोमंतकीयांच्या घरांत अशा स्मरणिका माळ्यावर पडून असतील. दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत देण्यापूर्वी एक प्रत जवळच्या सार्वजनिक किंवा महाविद्यालयीन ग्रंथालयात द्यावी आणि नोंदवहीत तिची दाखल नोंद झाली आहे ना, एवढे पाहावे. कात्रणे ठेवत असाल तर बातमीबरोबर पानाचा वरचा पट्टाही कापून ठेवावा, किंवा निदान मागे पेन्सिलीने अंकाचे नाव आणि तारीख लिहावी. स्मरणिकेचे मुखपृष्ठ फाटलेले असले तरी चालेल. मुद्रकाचे नाव, साल आणि संपादक मंडळ असलेले आतले पान तेवढे जपून ठेवावे.